गोठ्यातून ऐकलेलं हसू

आधीच सांगून ठेवतो, मला लहान मुलांची फार हौस आहे असं काही नाही. एखाद-दुसरं पोर असेल तर चालतं. आमची लेक लहान होती तेव्हा मी तिला खांद्यावरून खाली उतरू देत नसे, हे ती अजून सासरी सगळ्यांना सांगते. पण बसभर पोरं एकदम अंगणात सोडली की माझे पाय आपोआप गोठ्याकडे वळतात. मारक्या बैलासमोर मी कधी मागे सरलो नाही, पण चार वर्षांचं पोर मान वर करून माझ्याकडे टकामका बघायला लागलं की माझी दातखीळ बसते. काय बोलायचं त्याच्याशी? पाऊसपाण्याचं बोलावं तर त्याला कळत नाही, आणि त्याला जे कळतं ते मला बोलता येत नाही.

आमच्या हिचं सगळंच उलटं. ही म्हणजे माझी बायको. गावातल्या बालवाडीची बस वर्षातून एकदा आमच्या शेतावर यायची, थंडी ओसरायला लागते त्या दिवसांत. आपण जेवतो ते कुठून येतं हे पोरांना दाखवायला. हे खूळ हिचंच. एकदा बाजारात कुठल्याशा पोराने हिला सांगितलं की दूध फ्रिजमध्ये तयार होतं. ही पिशव्या घेऊन तशीच तरातरा बालवाडीत गेली आणि तिथल्या बाईंना म्हणाली, "सगळ्यांना माझ्याकडे घेऊन या. मी बघते." झालं. तेव्हापासून दर वर्षी बस यायला लागली.

त्या दिवशी ही पहाटेपासून अशी लगबग करायची की जणू घरात लग्न आहे. गाजराच्या वाफ्यात आदल्या दिवशी पाणी सोडून माती मऊ करून ठेवायची, म्हणजे इवल्याशा हातांनी ओढलं तरी गाजर निघावं. कोंबड्यांना उशिरा सोडायची, म्हणजे अंडी खुराड्यातच सापडावीत. घट्ट झाकणाच्या बरण्यांत साय भरून ठेवायची. पोरं गोल बसून त्या बरण्या हातोहात हलवायची आणि लोणी काढायची. मी म्हणायचो, "एवढी बडदास्त माझ्या व्याह्यांची नाही ठेवलीस कधी." ही म्हणायची, "तुमचे व्याही गाजर बघून टाळ्या वाजवत नाहीत."

बस फाटकातून वळली की मी गोठ्यात सटकायचो. आत काम असायचंच. शेण काढायचं, गव्हाण झाडायची, महाराणीला खरारा करायचा. महाराणी म्हणजे आमची मोठी गाय, तिचा तोराच तसा आहे. पण खरं सांगतो, अर्धा वेळ मी दाराला टेकून उभा असायचो. बाहेरचं दिसत नसे, ऐकू मात्र सगळं यायचं. आधी नुसता कलकलाट. मग हिचा खणखणीत आवाज, ओळ करा, ढकलू नका, कोंबडीची शेपटी ही धरायची गोष्ट नाही. मग गाजरं निघाली की किंकाळ्या. मग बरण्यांची खळखळ. आणि शेवटी सगळे गोठ्यासमोर येऊन बसायचे, आणि ही आवाज एकदम खाली आणायची. इतका खाली की दाराला कान लावूनही मला एक शब्द कळत नसे. पोरं चिडीचूप. मग एकदम हसू फुटायचं.

तसं हसू मी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही. पाहुण्यांसमोर पोरं शहाण्यासारखी हसतात तसं नव्हे. पोटातून यायचं, लोळून लोळून, आधी एक, मग दोन, आणि मग कढईत लाह्या फुटाव्यात तसं सगळं अंगण तडतडायला लागायचं. थांबलं असं वाटायचं आणि परत सुरू. त्यात हिचंही हसू असायचं. घरात ही हसायची नाही असं नाही, पण ते चुलीपाशी उभं राहून हसायचं हसू, मागे दहा कामं असल्यासारखं. अंगणातलं निराळं. आमचं लग्न झालं तेव्हा ही असं हसायची. मी नवीन सायकल शिकवताना हिला खड्ड्यात पाडलं होतं, तेव्हा खड्ड्यात बसून ही अशीच हसली होती. त्यानंतर ते हसू मला फक्त वर्षातून एकदा, दाराआडून ऐकायला मिळायचं.

मी कधी विचारलं नाही की बाई, तू करतेस तरी काय. विचारलं असतं तर मी कान लावून ऐकतो हे कबूल करावं लागलं असतं, आणि मी तर 'मला त्या गोंधळाशी काही देणंघेणं नाही' असं तोऱ्यात सांगून बसलेला. दुपारी जेवताना मी म्हणायचो, "गेली का तुझी पलटण?"

"गेली."

"काही तोडलंफोडलं?"

"एक बरणी."

बस्स, एवढंच. मग ही वाढत राहायची, गालातल्या गालात हसत. मला वाटायचं, पोरांची गंमत आठवून हसतेय.

गेल्या वर्षी ही गेली. दुखणं फार दिवसांचं नव्हतं. त्याबद्दल मी जास्त बोलत नाही, बोलायला गेलो की मध्येच अडखळतो आणि मग समोरच्याला माझी समजूत घालावी लागते, ते मला आवडत नाही. घर इतकं गप्प झालं की रिकाम्या खोलीत फ्रिजची घरघर ऐकू यायला लागली. लेक म्हणाली, "बाबा, आमच्याकडे चला राहायला." मी म्हटलं, "आणि महाराणीला चौथ्या मजल्यावर लिफ्टने आणू का?" ती हसली आणि रडली, दोन्ही एकदम. तिच्या आईची सवय.

मग एका सकाळी बालवाडीच्या बाई आल्या. ह्या नव्या आहेत, तरुण, दोनच वेळा पोरांना घेऊन आलेल्या. पायरीवर बसल्या, चहा घेतला, आणि कपात बघत म्हणाल्या, "आजोबा, यंदा आम्ही नाही येत. तुम्हाला एकट्याला त्रास नको. हमरस्त्याला एक नवीन जागा झालीय. तिथं घसरगुंडी आहे, आणि फायबरची गाय आहे. बटण दाबलं की हंबरते."

"दूध देते?"

"म्हणजे... पांढरं पाणी येतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "पांढरं पाणी? अहो बाई, ही असती तर तुम्हाला ह्या पायरीवर बसू दिलं नसतं! काही नको फायबरबियबर. पोरांना इकडे घेऊन या."

"पण दाखवणार कोण?"

"मी."

बोलून बसलो, आणि बाई गेल्या गेल्या कळलं, आपण काय कबूल केलंय. मी! ज्याला पोराशी दोन शब्द बोलता येत नाहीत, तो आता त्यांना अन्न कुठून येतं ते सांगणार. पण मी ते काही त्या फायबरच्या गायीवर डूख धरून बोललो नव्हतो. मला ते हसू परत ऐकायचं होतं. एवढंच होतं माझ्या मनात. माणूस जातं आणि त्याचा चष्मा राहतो, चपला राहतात, अर्धवट विणलेला स्वेटर राहतो. ते सगळं मी कपाटात ठेवलंय. पण ते हसू काही मला कुठे ठेवता आलं नव्हतं, आणि ते काय केल्याने व्हायचं तेही माहीत नव्हतं. ते कळलं तर निदान पोरांचं तरी हसू परत अंगणात येईल, असं माझ्या डोक्यात बसलं. आता ते कळणार कसं?

आधी बाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "अय्या, हो, हसायचे खरे. पण त्या वेळी मी नेमकी कुणाला तरी शूला घेऊन गेलेली असायचे. दोन्ही वर्षं." पोरांची वेळ म्हणजे वेळ, बाईंना तरी काय बोलणार. त्यांच्या आधीच्या बाई नोकरी संपवून कधीच्या परगावी गेल्या. मग लेकीला फोन लावला.

"बाबा, तुम्हीच तर होतात तिथं."

"मी गोठ्यात होतो."

"मग मला कसं माहीत असणार? मी तर सासरी होते."

मग मला औषधांच्या दुकानातली मुलगी आठवली. ही पोरगी बालवाडीत असताना बसमधून आलेली, हिच्या अगदी सुरुवातीच्या तुकडीतली. आता चष्मा लावून काउंटरमागे उभी असते आणि मला गोळ्या वेळेवर घेतल्या नाहीत म्हणून दटावते. मी विचारलं, "का गं, तुम्ही शेतावर यायचात, शेवटी गोठ्यासमोर बसायचात, तेव्हा आजी काय करायच्या?"

तिने गोळ्यांची पाकिटं खाली ठेवली. काउंटरवरून वाकून, का कोण जाणे, तिने माझ्या पायांकडे बघितलं आणि ओठ दाबले. मला वाटलं, शेण लागलंय. मी पाय मागे घेतले.

"आठवत नाही हो आजोबा," ती म्हणाली. "आजींच्या खिशात वाटाण्याच्या शेंगा असायच्या, ते आठवतंय. आणि त्यांचे हात गार असायचे."

"आणि हसायचं?"

"नाही बाई," ती जरा घाईघाईनेच म्हणाली. "ह्या जेवणानंतर घ्या, आणि ही रिकाम्या पोटी. विसराल नाहीतर."

म्हणजे तिथूनही हात हलवत परत. मग मी माझंच डोकं चालवलं. लेक लहान असताना जेवायला कटकट करायची, तेव्हा ही तिला कोंबडीची नक्कल करून दाखवायची. अंडं घातलेल्या कोंबडीची, मान पुढे-मागे करत, घरभर डौलाने फिरत. लेक हसून हसून ठसका लागेपर्यंत हसायची. तेच असणार! दुसरं काय असणार? मी रोज सकाळी स्वयंपाकघरात कोंबडीचा सराव सुरू केला. एकदा असा हात पंखासारखे करून फडताळापासून मोरीपर्यंत निघालो होतो, तर दूध न्यायला येणारा गाडीवाला दारात उभा.

"बरं आहे ना?" तो म्हणाला.

"घसा साफ करतोय."

"मला वाटलं, आत कोंबडी अडकली."

म्हटलं, म्हणजे जमतंय.

तो दिवस उजाडला. माझी पहिली फजिती गाजराच्या वाफ्यात झाली. ही आदल्या दिवशी पाणी सोडायची हे मला माहीत होतं; किती वेळ सोडायची ते कुणी विचारून ठेवलं होतं? मी आपलं सोडलं आणि विसरलो. सकाळी बघतो तर वाफ्याचा चिखल. पोरं बसमधून उतरली, मी म्हटलं, "या, गाजरं काढू," आणि पहिलं पोर आत गेलं ते पोटरीपर्यंत. मी त्याला उचललं, त्याचा बूट आतच राहिला. बूट काढायला गेलो तर बरोबर गाजर आलं, बूट नाही. पोराने भोकाड पसरलं. बाकीच्यांना ही फारच झकास कल्पना वाटली आणि सगळे ओळीने आपापले पाय रुतवायला लागले. बाई कपाळाला हात लावून उभ्या.

मग मी त्यांना महाराणीकडे नेलं. तिला आज दाराबाहेर लिंबाच्या झाडाला बांधलं होतं. मी आदल्या रात्री ठरवून ठेवलं होतं की सगळं नीट, पहिल्यापासून सांगायचं. चारा, पेंड, गाईच्या पोटाचे चार कप्पे, रवंथ. मी आपला सांगतोय, सांगतोय. पोरं जांभया देतायत. एका पोराने बोट वर केलं.

"म्हणजे गाय ओकते?"

"ओकत नाही रे. खाल्लेलं परत तोंडात आणते आणि चघळते."

"ई!"

"ई!" सगळ्यांनी एका सुरात केलं, आणि नेमकी तेव्हाच महाराणी शिंकली. पुढच्या ओळीतली तोंडं पुसता पुसता बाईंचे दोन रुमाल संपले. एक पोरगी म्हणाली की ती आता आयुष्यात दूध पिणार नाही. मी मनात हिला म्हटलं, बघ, तू एवढी वर्षं जे जमवलंस ते मी पंधरा मिनिटांत उधळून लावलं.

बरण्यांनी मात्र माझी लाज राखली. साय मी हिच्यासारखीच भरली होती, पोरं गोल बसली, खळखळ सुरू झाली. हात दुखले की शेजाऱ्याला द्यायची, परत घ्यायची. एका बरणीत गोळा तरंगायला लागला तेव्हा ती धरणारं पोर ओरडलं, "झालं! मी केलं!" मग सगळ्यांचंच झालं. पावाच्या तुकड्यावर ते लोणी लावून मी प्रत्येकाच्या हातात दिलं. पोरं गप्प होऊन खायला लागली, बोटं चाटायला लागली. ती दूध न पिणारी पोरगी दुसरा तुकडा मागायला आली. मला जरा धीर आला.

मग सगळे गोठ्यासमोर येऊन बसले. पुढे बंद दार, मध्ये मी. उन्हं तशीच, अंगण तेच. ही इथेच कुठेतरी उभी राहत असणार. म्हटलं, आता. हाच तो क्षण.

मी कोपर बाहेर काढले, मान पुढे-मागे केली आणि जी कोंबडी मी इतके दिवस घटवली होती ती सगळीच्या सगळी करून दाखवली. डौलाने फिरलो, जमीन उकरली, अंडं घातल्यावर करतात तसा कल्ला केला.

कुणी हसलं नाही. पोरं माझ्याकडे बघत राहिली. मग ज्याचा बूट चिखलात गेला होता ते पोर काळजीने म्हणालं, "आजोबा, तुम्हाला उलटी होतेय का?"

खरं सांगतो, मला त्या वेळी रडू येईल असं वाटलं. कोंबडीचं काही नाही हो. पण ते हसू कायमचं गेलं, हे मला तिथे भर अंगणात कळलं. ही जाताना ते बरोबर घेऊन गेली आणि मी वेड्यासारखा हात फडफडवत ते शोधतोय. बाईंना माझा चेहरा दिसला असावा. त्या टाळ्या वाजवत उठल्या, "चला, आजोबांना थँक्यू म्हणायचं ना सगळ्यांनी?"

"पण अजून बुटांचं राहिलं," एक आवाज आला.

मघापासून बाहीला नाक पुसणारी एक ठेंगणी पोरगी होती, ती उभी राहिली होती.

"कसले बूट?" मी म्हटलं. "त्याचा बूट काढतो मी मग."

"तो नाही. दाराखालचे. माझ्या ताईला माहितीये, ती मोठ्या शाळेत गेली आता. ते सांगायचं नसतं, पण तिने मला सांगितलं."

"काय सांगितलं?"

तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले, मान जराशी तिरकी केली, आणि ती डिट्टो आमची ही झाली. ताईने हिची केलेली नक्कल, आणि ह्या पोरीने ताईची.

"आजी विचारते, दूध कोण देतं? आपण म्हणायचं, गाय. मग आजी विचारते, गाईला कोण देतं? मग आपल्याला येत नाही. आजी विचारते, अंडं कोण देतं? कोंबडी. मग कोंबडीला कोण देतं? ते पण येत नाही. गाजर कोण देतं? माती. मातीला पाणी कोण देतं? काहीच येत नाही कुणाला." तिने परत बाहीला नाक पुसलं. "मग आजी श्श् करते आणि असं बोट दाखवते."

तिने गोठ्याच्या दाराकडे बोट दाखवलं.

"तिथं खाली बूट दिसतात. आजी म्हणते, तो बघा, तो देतो सगळ्यांना. पहाटे उठून देतो. पण त्याला सांगायचं नाही हं, तो लाजतो. त्याला वाटतं, तो कुणाला दिसतच नाही."

"मग?" मी म्हटलं.

"मग आपण हसतो. मग बूट दचकतात. मग आपण खूप हसतो."

मी वळून दाराकडे बघितलं. दाराची खालची फळी कुजून गेलेली आहे, चांगली वीतभर फट आहे तिथं. किती वर्षं मी हिला म्हणत होतो, फळी बदलतो, आणि ही म्हणायची, राहू द्या, गोठ्यात हवा खेळते. थंडीत दूध काढताना त्या फटीतून वारा आला की कुडकुडायची, पण फळी बदलू द्यायची नाही. मी आपला आत ऐटीत टेकून उभा, आणि बाहेर सगळी बालवाडी माझे बूट बघतेय. आणि हो, दचकायचो मी. एकदम एवढं हसू फुटल्यावर कोण दचकणार नाही? म्हणजे जेवताना ही गालात हसायची ती पोरांना आठवून नव्हे. आणि ती औषधवाली एवढी मोठी झाली, पण त्याला सांगायचं नाही म्हटलेलं तिने अजून पाळलंय.

ह्याच बुटांवरून हिने मला जन्मभर बोलून घेतलं. बूट बाहेर काढा. फरशी आत्ताच पुसलीय. तुम्हाला किती वेळा सांगायचं? माझ्या तोंडावर माझ्याबद्दल हिने कधी दोन गोड शब्द काढले नाहीत, मीही हिच्याबद्दल काढले नाहीत, आमच्यात ती पद्धतच नव्हती. आणि दर वर्षी परक्या पोरांना गोळा करून, माझ्यापासून चार हातांवर, ही हळू आवाजात त्यांना हे सांगत होती. मला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणत होती.

"पण बूट कुठंयत?" ठेंगणी म्हणाली.

सगळी पोरं पालथी पडून फटीखालून बघत होती. आत नुसता अंधार. चिखलवाल्या पोराने माझ्या पायाकडे बोट दाखवलं, "हे काय." तिने मान हलवली. "ते नाही. ते तिथं पाहिजेत." तिचा चेहरा पडला होता. ताई सांगते ते खोटं निघालं की कसं वाटतं, ते तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

मी बाईंकडे बघितलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला होता आणि त्यांचे डोळे भरले होते. मी काही न बोलता गोठ्याला वळसा घातला, मागच्या बाजूने आत शिरलो आणि दाराला आतून टेकून उभा राहिलो, नेहमीच्या जागी. आत ओला चारा आणि शेणाचा वास. बाहेर कुजबुज. मग ठेंगणीचा आवाज, हिच्यासारखा खणखणीत करायचा प्रयत्न करत, "दूध कोण देतं?"

"गाय!"

"गाईला कोण देतं?"

तिने सगळे प्रश्न विचारले, अंड्याचा, गाजराचा, मातीचा, एकही गाळला नाही. मग श्श् झालं. मग इतकं शांत झालं की महाराणीची घंटा बाहेरून ऐकू आली. मला माहीत होतं आता काय होणार आहे, मी तयारीत होतो, आणि तरीही हसू फुटलं तेव्हा मी दचकलो. माझे बूट जागेवरून हलले आणि बाहेर पोरं नुसती लोळायला लागली.

तेच हसू होतं. तसंच पोटातून, थांबून परत सुरू होणारं. मी दाराला डोकं टेकलं आणि रडलो. लाजण्यासारखं त्यात काही नाही. कान लावून मी हिचं हसू त्यात शोधत होतो आणि ते त्यात नव्हतं, एवढ्या पोरांत कुठेच नव्हतं, पण जिथे ते असायचं ती जागा मला ऐकू येत होती.

दर वर्षी ह्या हसण्याच्या शेवटी हिचा आवाज यायचा, "चला, हात धुवायला! लोण्याच्या हातांनी कुणी बसमध्ये चढायचं नाही." मी त्याचीच वाट बघत उभा राहिलो. हसू ओसरलं, एकदोघांचं रेंगाळलं, मग तेही संपलं. पोरं आता काय म्हणून थांबली असावीत. बाईही काही बोलेनात. कुणी तरी बोलायला हवं होतं.

"चला!" मी आतून ओरडलो. आवाज फाटला, पण निघाला. "हात धुवायला! लोण्याच्या हातांनी कुणी बसमध्ये चढायचं नाही!"

मग एकजण किंचाळला, "बूट बोलले!" आणि सगळी पोरं खिदळत नळाकडे पळत सुटली. मी डोळे पुसले, कडी काढली आणि पुढच्या दाराने बाहेर आलो. आमचा नळ फार घट्ट आहे, पोरांना एकट्यांना फिरवता येत नाही.